साकव आधी की सुशोभीकरण? माणसांचं बरंवाईट मोजण्याचा खटाटोप

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. दिवेआगर-श्रीवर्धनपासून खाली मंडणगड-दापोलीपर्यंत नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या, आंब्याची जुनी कलमं मुळासकट उपटली गेली, घरांवरची कौलं उडाली. त्यानंतरचे काही महिने त्या पट्ट्यात पैसा मात्र भरपूर फिरला. पत्र्यांचे आणि सिमेंटचे ट्रक आले, झाडं कापणाऱ्या मशीनवाल्यांना उसंत नव्हती, विजेचे खांब नव्याने उभे राहिले. हा सगळा व्यवहार देशाच्या सकल उत्पादनात, म्हणजे जीडीपीत, मिळवला गेला. पुढच्या हंगामात सुपारी कमी आली, तेवढी घटही त्यात दिसली असेल. पण जी पोफळ लावल्यापासून धरायला पाच-सात वर्षं लागतात, ती बागच्या बाग गेली हे नुकसान जीडीपीतून वजा होत नाही. जीडीपी वर्षभरात काय नवं तयार झालं ते मोजतो. होतं ते काय गेलं, हे तो विचारत नाही.

ही काही जीडीपीची लबाडी नाही. ज्या कामासाठी तो बनवला ते काम तो ठीक करतो: कारखाने चालू आहेत का, मंदी आली का, कर किती मिळेल. अमेरिकेत राष्ट्रीय उत्पन्नाचा पहिला व्यवस्थित हिशेब मांडणाऱ्या सायमन कुझनेट्स यांनी १९३४ च्या आपल्या अहवालातच बजावून ठेवलं होतं की या आकड्यावरून लोकांचं बरं चाललंय की वाईट, हे फारसं कळणार नाही. इशारा अहवालात राहिला, आकडा तेवढा भाषणांत आला.

मग लोकांचं कसं चाललंय हे कळायचं कशावरून? सरकारकडे पैसा मर्यादित असतो. तो रस्त्याला द्यायचा, दवाखान्याला द्यायचा की चौपाटीच्या दिव्यांना, हे ठरवायला काहीतरी मोजमाप लागतंच. मोजलं नाही तरी वाटप होणारच, फक्त ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूने होणार. म्हणून गेल्या तीस-चाळीस वर्षांत अर्थशास्त्रज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि काही सरकारं या प्रश्नाच्या मागे लागली आहेत. त्यांचे मार्ग कोकणातल्या गावांत आणून ठेवले की कुठे बसतात आणि कुठे अडतात ते चटकन दिसतं.

आकडे खरे, अर्थ भलताच

जिल्ह्याचं दरडोई उत्पन्न घ्या. ते काढताना त्या जिल्ह्याच्या हद्दीत किती उत्पन्न तयार झालं हे बघतात. लांज्याचा माणूस मुंबईत लोकलने धक्के खात कामाला जातो, त्याचा पगार मुंबईच्या खात्यात. त्यातले जे पैसे तो गावी आईला पाठवतो, ते रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्पन्नात नसतातच. पिढ्यान्‌पिढ्या ज्याला आपण ‘मनीऑर्डरची अर्थव्यवस्था’ म्हणत आलो, ती या हिशेबात अदृश्य. उलट जिल्ह्यात एखादा मोठा वीजप्रकल्प असेल तर त्याचं उत्पादन जिल्ह्याच्या नावावर चढतं, नफा कुठल्या शहरातल्या भागधारकांकडे गेला हा प्रश्नच येत नाही. प्रकल्पाशेजारच्या वाडीतली म्हातारी त्या भागाकाराने एका रात्रीत श्रीमंत होते. तिला कोणी कळवत नाही एवढंच.

दुसरा आकडा याहून फसवा आहे. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, महाराष्ट्रात सर्वांत जास्त. सिंधुदुर्गातही हजारावर. ज्या राज्यात मुलींच्या घटत्या संख्येची काळजी करावी लागते, तिथे हा आकडा वाचून एखाद्याला वाटेल, वा, कोकणाने करून दाखवलं! पण त्याच जनगणनेतलं सहा वर्षांखालच्या मुलांचं कोष्टक काढलं तर तिथे मुली मुलांपेक्षा कमीच आहेत. मोठ्यांमध्ये बायका जास्त दिसतात, कारण पुरुष चाकरमानी होऊन बाहेर गेले. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या चक्क घटली. म्हणजे जो आकडा स्त्रियांच्या चांगल्या स्थितीचा पुरावा म्हणून कोणी दाखवू शकेल, तो खरं तर रिकाम्या होत चाललेल्या घरांचा आहे.

यावर पहिला मोठा उपाय आला १९९० मध्ये. पाकिस्तानी अर्थशास्त्रज्ञ महबूब उल हक यांनी अमर्त्य सेन यांच्या मदतीने संयुक्त राष्ट्रांसाठी मानव विकास निर्देशांक तयार केला. उत्पन्नाच्या जोडीला आयुर्मान आणि शिक्षण. सेन यांचं म्हणणं थोडक्यात असं: माणसाकडे काय आहे यापेक्षा माणूस काय करू शकतो, काय होऊ शकतो हे बघा. दोन घरांत सारखाच पैसा असेल. पण एका घरातल्या बाळंतिणीला अर्ध्या तासात दवाखाना गाठता येतो आणि दुसरीला आधी डोलीतून डांबरी रस्त्यापर्यंत आणावं लागतं, तर त्या दोघींची स्थिती एक नाही.

निर्देशांक चांगलाच होता, पण तो सरासरीवर चालतो. सरासरीत वाडी हरवते. म्हणून पुढे सबिना अल्कायर आणि जेम्स फॉस्टर यांनी घराघरावर जाणारी पद्धत काढली, तिला बहुआयामी गरिबी म्हणतात. नीती आयोग तीच वापरतो. बारा निकष: घरात कोणी कुपोषित आहे का, मुलं शाळेत आहेत का, शौचालय, वीज, पिण्याचं पाणी, चुलीचं इंधन, घर, बँक खातं वगैरे. प्रत्येक निकषाला वजन दिलेलं असतं आणि ज्या घराच्या अभावांची बेरीज एकूण वजनाच्या एक-तृतीयांशापर्यंत जाते ते घर गरीब धरलं जातं. या मोजणीनुसार देशातलं गरिबीचं प्रमाण २०१५-१६ मधल्या २४.८५ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये १४.९६ टक्क्यांवर आलं. ही काही छोटी गोष्ट नाही, आणि गॅस, शौचालय, वीज घरोघरी पोचल्याचं आपण डोळ्यांनी बघितलंच आहे.

आता पाण्याचा निकष जरा जवळून बघू. पिण्याचं चांगलं पाणी मिळत नसेल, किंवा जाऊन-येऊन अर्धा तास किंवा त्याहून जास्त चालावं लागत असेल, तर ते घर या बाबतीत वंचित. निकष चोख आहे. पण ही माहिती येते राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातून, आणि त्याच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली घरं विचारली गेली ती २०१९ च्या जूनअखेरपासून पुढच्या महिन्यांत. म्हणजे ऐन पावसाळ्यात आणि त्यानंतर! त्या दिवसांत कोकणात पाणी आहे का विचारणं म्हणजे गणपतीत मुंबईचे लोक गावी येतात का, असं विचारणं. पऱ्हे, म्हणजे ओढे, भरून वाहत असतात, विहिरीत वाकून कळशी बुडते. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात पाण्याचे हाल होतात ते एप्रिल-मेमध्ये, जेव्हा सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, धनगरवाड्यांना टँकर लागतो. सर्वेक्षण करणाऱ्यांनी काही चुकीचं केलेलं नाही, देशभराचं वेळापत्रक असतं. पण मुंबईत बसून अहवाल वाचणाऱ्याला हा तपशील दिसत नाही.

शिवाय नमुना. त्या फेरीत देशभरातल्या ७०७ जिल्ह्यांत मिळून ६,३६,६९९ घरं विचारली गेली. म्हणजे सरासरी जिल्ह्याला नऊशेच्या आसपास. जिल्ह्याचं चित्र काढायला तेवढी पुरतात. पण रत्नागिरी जिल्ह्यात गावंच दीड हजाराच्या घरात, आणि प्रत्येक गावाच्या वाड्या वेगळ्या. बंदरावरची वाडी आणि घाटाखालची वाडी यांच्यातलं अंतर त्या नऊशे घरांत सापडणं कठीण. गावपातळीवर निर्णय घ्यायला हा आकडा वापरू नये, तो त्यासाठी नाहीच.

सरळ विचारलं तर?

दुसरा पंथ म्हणतो, एवढं कशाला, माणसालाच विचारा. हॅडली कँट्रिल या मानसशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये मांडलेली शिडी आजही वापरतात. शून्य ते दहा पायऱ्यांची शिडी डोळ्यांसमोर आणा. सर्वांत वर तुमच्यासाठी शक्य असलेलं सर्वांत चांगलं आयुष्य, सर्वांत खाली सर्वांत वाईट. आज तुम्ही कुठल्या पायरीवर आहात? दरवर्षी मार्चमध्ये ‘सर्वांत सुखी देश’ म्हणून जी यादी वर्तमानपत्रांत येते ती याच एका प्रश्नाच्या उत्तरांची तीन वर्षांची सरासरी असते. २०१८ पासून फिनलंड पहिला येतोय, २०२५ मध्ये भारत १४७ देशांत ११८ वा होता. आपल्याकडे ही बातमी आली की दोन दिवस वाद होतो आणि मग सगळे विसरतात.

देवगडकडच्या आमच्या वाडीत मी एका काकीला हा प्रश्न विचारून बघितला. ती खळ्यात काजूच्या बिया वाळत घालत होती. शिडीचं सगळं वर्णन तिने शांतपणे ऐकून घेतलं.

“माजे गुडघे बघलंस? माका शिडयेर खंय चढवतंस?”

मी म्हटलं, काकी, खरी शिडी नाय, मनातली.

“मगे पाचवी घाल. वर म्हटलंय तर दिष्ट लागतली, खाली म्हटलंय तर झील वायट मानून घेतलो.”

झील म्हणजे मुलगा. या एका उत्तरात या पद्धतीचे निम्मे प्रश्न आले. माणूस मनातलं सांगताना ऐकणाऱ्याचा, घरच्यांचा, दैवाचाही विचार करतो. नको तिथे वर जायचं नाही आणि कोणाला कमीपणा येईल एवढं खालीही जायचं नाही, म्हणून मधली पायरी. वेगवेगळ्या समाजांत लोक पट्टीचे वेगवेगळे भाग वापरतात, हे संशोधकांना माहीत आहे. म्हणून फिनलंडची पायरी आणि आपली पायरी शेजारी ठेवून फार अर्थ काढू नये, असं मला वाटतं. एकाच गावाची पायरी दोन वर्षांपूर्वी काय होती आणि आज काय आहे, हे जास्त कामाचं.

प्रश्नांचा क्रमही उत्तर हलवतो. अमेरिकेत गॅलप संस्था २००८ पासून रोज सुमारे हजार माणसांना शिडीचा प्रश्न विचारत होती. त्या आकड्यांचा अभ्यास करताना अर्थशास्त्रज्ञ अँगस डीटन यांना दिसलं की शिडीच्या आधी राजकारणाबद्दल विचारलं की लोक स्वतःच्या आयुष्यालाही कमी गुण देतात. काही लोकांना राजकारणाचे प्रश्न न विचारता तुलना केली तेव्हा हे उघड झालं. आपल्याकडे याच्या जोडीला हंगाम आहे. एकटेपणाचा प्रश्न गणपतीत किंवा शिमग्यात विचारलात तर घर भरलेलं असतं, पोरं ओटीवर झोपलेली असतात. तोच प्रश्न गौरी-गणपती विसर्जनानंतर पंधरवड्याने विचारा.

पण याहून खोल अडचण सेन यांनी दाखवली. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळानंतर, १९४४ मध्ये, कलकत्त्याजवळच्या सिंगूर भागात आरोग्याची पाहणी झाली. तब्येत बरी नाही किंवा जेमतेम आहे असं सांगणारे विधुर ४८.५ टक्के होते, विधवा फक्त २.५ टक्के. त्या काळात हिंदू विधवेच्या वाट्याला काय येत होतं हे सांगायला नको. विधवा ठणठणीत होत्या असा अर्थ कोणी काढणार नाही. आपल्या दुखण्याची नोंद घ्यावी ही अपेक्षाच त्यांनी सोडून दिली होती. माणूस परिस्थितीशी जुळवून घेतो, आणि जितका जास्त दबलेला तितका जास्त जुळवून घेतो. केरळमध्ये याच्या उलट दिसतं: आयुर्मान देशात सर्वांत वरच्या पातळीवर आणि आजारपण सांगणारेही सर्वांत जास्त, कारण लोक शिकलेले आहेत आणि दुखणं ओळखतात. म्हणून ‘कसं काय’ला ‘बरां आसा’ असं उत्तर आलं की सरकारने हात झटकू नयेत.

मग विचारणं सोडून द्यायचं का? नाही. विचारायची रीत बदलायची. डॅनियल काहनेमान आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार स्त्रियांवर एक पद्धत वापरली. ‘तुम्ही सुखी आहात का’ असं न विचारता त्यांनी कालच्या दिवसाचे तुकडे पाडायला सांगितले. किती वाजता काय केलं, कोणाबरोबर केलं, तेव्हा कसं वाटत होतं. कामावर जाण्याचा प्रवास तिथे सर्वांत नकोशा गोष्टींत निघाला.

काकीला मग मी ‘काल काय काय केलंस’ एवढंच विचारलं, आणि शिडीला न मिळालेलं उत्तर आपोआप यायला लागलं. नळ आहे, पण सध्या तिसऱ्या दिवशी येतो, तोही पहाटे, म्हणून ती चारला उठून बसते. बाकीचे दिवस खालच्या विहिरीवर. परत येताना पाखाडीच्या पायऱ्या, म्हणून कळशी अर्धीच भरायची आणि खेपा वाढवायच्या. दुपारी बिया गोळा केल्या. संध्याकाळी मुंबईहून फोन, पण रेंज खळ्याच्या टोकाला, म्हणून तिथे उभं राहून बोलायचं. नातवाने दोन मिनिटं बोलून फोन ठेवला. “ताच काय तां बरां होता,” असं ती त्या दोन मिनिटांबद्दल म्हणाली. ‘घरी नळजोडणी: होय’ या रकान्यात यातलं काय मावतं?

वेळेचा हिशेब आपल्या देशातही होतो. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ वापर सर्वेक्षणानुसार, घरकाम करणाऱ्या बायका बिनपगारी घरकामाला दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात. जे पुरुष असं काम करतात ते ८८ मिनिटं. (जाता जाता एक गंमत: राष्ट्रीय लेखापद्धतीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत घरासाठी विहिरीचं पाणी आणणं ‘उत्पादन’ धरलं जातं, तेच पाणी तापवून पेज करणं मात्र नाही. हे नियम करणाऱ्या समितीत पेज करणारं कोणी नसावं.) माझं मत विचाराल तर, कोकणातल्या गावाची स्थिती एकाच गोष्टीवरून जोखायची झाली तर मी उत्पन्न किंवा शिडी यांच्याऐवजी बायकांचा वेळ बघेन. पाणी, लाकूडफाटा, एसटी, दवाखाना, रस्ता, सगळं त्यात उतरतं, आणि वेळ सांगताना दृष्ट लागायची भीती कोणाला वाटत नाही.

पैशाने सुख वाढतं का, यावरही बरंच पाणी वाहून गेलंय. १९७४ मध्ये रिचर्ड ईस्टरलिन यांनी दाखवलं की एका देशात श्रीमंत हे गरिबांपेक्षा जास्त समाधानी असतात, पण देश श्रीमंत होत गेला तरी समाधान त्या प्रमाणात वाढताना दिसत नाही. त्यावर अजून वाद चालू आहे. धोरणापुरतं एवढं पुरे, की गरिबाच्या हातात गेलेले हजार रुपये श्रीमंताच्या हातातल्या हजारापेक्षा कितीतरी जास्त फरक पाडतात.

मोजलं, पुढे काय?

इथेच बहुतेक चर्चा थांबते. भूतानच्या चौथ्या राजाने १९७० च्या दशकात सकल राष्ट्रीय आनंदाची कल्पना मांडली, नंतर तिथे नऊ क्षेत्रं आणि ३३ निर्देशक असलेली सर्वेक्षणं झाली. २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव केला. मध्य प्रदेशाने २०१६ मध्ये आनंद विभाग काढला. न्यूझीलंडने २०१९ मध्ये अर्थसंकल्पालाच कल्याणाचा अर्थसंकल्प म्हटलं आणि मानसिक आरोग्याला मोठा निधी दिला. वेल्सने २०१५ मध्ये कायदा करून सरकारी संस्थांना भावी पिढ्यांच्या कल्याणाचा विचार बंधनकारक केला. पण मोजलेल्या आकड्याने एखाद्या फायलीवरचा निर्णय बदलतो का, हे बघायचं तर ब्रिटनकडे बघावं लागतं.

ब्रिटनच्या सांख्यिकी कार्यालयाने एप्रिल २०११ पासून लोकांना चार प्रश्न विचारायला सुरुवात केली: आयुष्याबद्दल किती समाधानी आहात, जे करता ते मोलाचं वाटतं का, काल किती आनंदी होता, काल किती चिंतेत होता. प्रत्येकाला शून्य ते दहा गुण. दहा वर्षांची माहिती साठल्यावर २०२१ मध्ये तिथल्या अर्थखात्याने प्रकल्प तोलण्याच्या नियमावलीत एक नवं माप आणलं. एका माणसाचं समाधान एक वर्षभर एका गुणाने वाढलं तर ते एक माप. त्याची किंमत २०१९ च्या भावाने सुमारे १३,००० पौंड धरावी, असंही सांगितलं.

हे कसं चालतं ते आपल्याकडचं उदाहरण घेऊन बघू. आकडे सगळे मनचे आहेत, रीत समजण्यापुरते. एका बाजूला पऱ्ह्यापलीकडची दीडशे माणसांची वाडी. पावसाळ्यात पऱ्ह्या फुगला की शाळा बंद, गरोदर बाई आधीच माहेरी नेऊन ठेवायची, दूध डेअरीला जात नाही. तिथे साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, हवा, खर्च वीस लाख. दुसऱ्या बाजूला तालुक्याच्या गावात चौपाटीचं सुशोभीकरण, दोन कोटी: पेव्हर ब्लॉक, रंगीत दिवे, सेल्फी पॉइंट आणि नावाचा मोठा फलक.

समजा साकवामुळे वाडीतल्या माणसांचं समाधान वर्षाच्या सरासरीने अर्ध्या गुणाने वाढतं. दीडशे माणसांचे वर्षाला ७५ गुण, साकव वीस वर्षं टिकला तर १,५००. एका गुणाला खर्च साधारण १,३०० रुपये. चौपाटीचा लाभ दहा हजार माणसांना, पण प्रत्येकाला अगदी थोडा, समजा गुणाचा शंभरावा भाग. वर्षाला १०० गुण, वीस वर्षांत २,०००. एका गुणाला १०,००० रुपये. साकव साडेसातपट स्वस्त पडला.

या हिशेबात दोन गोष्टी मला पटतात. एरवी प्रकल्पाचा फायदा मोजताना वाचलेला वेळ मजुरीच्या किंवा पगाराच्या दराने धरतात. त्यात अधिकाऱ्याचा तास महाग आणि म्हातारीचा जवळजवळ फुकट. इथे प्रत्येकाचा एक गुण सारखाच. दुसरं, ‘जिल्ह्याच्या वैभवात भर’ यासारखी वाक्यं या तराजूत बसत नाहीत. भर किती माणसांच्या आयुष्यात आणि किती, ते सांगावं लागतं.

तो अर्धा गुण आणायचा कुठून, हा खरा प्रश्न. त्यासाठी साकव बांधण्याआधी विचारावं लागतं आणि बांधल्यावर पावसाळा उलटल्यानंतर पुन्हा विचारावं लागतं. एवढंही पुरत नाही. त्याच वर्षी आंब्याला मोहोर चांगला आला आणि पेटीला भाव मिळाला तर सगळ्यांचेच गुण वाढतील आणि श्रेय साकवाला जाईल. म्हणून साकव न मिळालेली तशीच दुसरी वाडीही दोन्ही वेळा विचारायची. पहिल्या वाडीत वाढ ०.७ आणि दुसरीत ०.२, तर साकवाची कमाई ०.५. यात कठीण गणित नाही. कठीण आहे ते उद्घाटनाच्या आधी कोणीतरी जाऊन विचारणं. आपल्याकडे नारळ फुटला की काम संपतं.

आणि सिंगूरच्या विधवा इथेही आडव्या येतातच. जी वाडी पिढ्यान्‌पिढ्या पऱ्ह्यात कंबरभर पाण्यातून जाते, ती कदाचित साकवाविनाही सहा गुण देईल. म्हणून काही गोष्टी गुणांवर सोडू नयेत. शाळेच्या पोराने जीव मुठीत धरून शाळेत जाऊ नये, यासाठी समाधानाचा आलेख लागत नाही. तळाची रेषा हक्काने आखायची आणि तिच्या वर, दोन बऱ्या कामांतून एक निवडायचं असेल, तिथे हे माप लावायचं.

सगळं मिळून एकच आकडा काढण्याचा मोहही आवरावा. फ्रान्सच्या सरकारने नेमलेल्या स्टिग्लिट्झ, सेन आणि फितुसी यांच्या आयोगाने २००९ मध्ये हाच सल्ला दिला: उत्पन्न, आरोग्य, वेळ, नाती, पर्यावरण हे शेजारी शेजारी दाखवा. मासेमारीला निघालेला तांडेल वारा, भरती आणि टाकीतलं डिझेल यांची सरासरी काढत नाही. प्रत्येक गोष्ट वेगळी बघतो, कारण कुठलीही एक चुकली तरी होडी अडकते. एकच गुण दिला की एक गोष्ट घसरलेली असताना दुसरीने ती झाकली जाते. शिवाय ज्या आकड्यावर बक्षीस मिळतं, तो वाढवण्याचे मार्ग लगेच सापडतात. जलजीवन मिशनने २०१९ पासून दर माणशी दिवसाला ५५ लिटर पाणी हे उद्दिष्ट ठेवलं. पण बातमीत येते ती जोडण्यांची संख्या, आणि जोडणी देणं पाणी देण्यापेक्षा सोपं असतं.

सध्या गावपातळीवर सर्वांत मोठा प्रयोग चालू आहे तो केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाचा, पंचायत प्रगती निर्देशांकाचा. २०२२-२३ च्या माहितीवरचा पहिला निकाल एप्रिल २०२५ मध्ये आला. त्यात नऊ विषय, ४३५ निर्देशक, ५६६ प्रकारची माहिती होती; पुढच्या फेरीसाठी निर्देशक १४७ वर आणले. गावाला शंभरपैकी गुण देऊन श्रेणी ठरते. कल्पना चांगली आहे, कारण पहिल्यांदाच आकडा जिल्ह्यावरून ग्रामपंचायतीपर्यंत उतरला. पण ही बहुतांश माहिती दप्तरातली, कुठल्या तरी खात्याच्या नोंदीतून आलेली. पहिल्या फेरीत ४३५ निर्देशक भरता भरता ग्रामसेवकाचा जीव मेटाकुटीला आला असणार. त्यात आणखी भर घाला असं म्हणायचं धाडस होत नाही, तरी म्हणतो, त्यातले आणखी काही काढा आणि पाच प्रश्न माणसांना विचारा. काल पाण्यासाठी किती वेळ गेला? गेल्या वेळी दवाखान्यात पोचायला किती वेळ आणि किती पैसे लागले? रात्री-अपरात्री मदत लागली तर हाक मारायला कोण आहे? गेल्या आठवड्यात कोणाशी निवांत बोलणं झालं? आणि शेवटी, सगळं धरून, दहापैकी किती? हे एकदा मेमध्ये विचारायचं आणि एकदा गणपती उलटल्यावर. विचारणारं माणूस त्या गावच्या पंचायतीचं नको, शेजारच्या तालुक्यातलं चालेल, पण भाषा इथली हवी.

लोक उत्तरं देतील का? सहज नाही. एप्रिल २०२३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी मातीपरीक्षण सुरू झालं तेव्हा गावकरी, त्यातही बायका, रस्त्यावर उतरल्या होत्या. त्या भागात वही घेऊन आलेल्या अनोळखी माणसाकडे लोक सरळ नजरेने बघत नाहीत, आणि त्यांचं चुकत नाही. आपली माहिती कोणाच्या हातात जाणार आणि तिचा वापर आपल्यासाठी होणार की आपल्यावर, हे त्यांना आधी कळलं पाहिजे. त्यामुळे नावं गाळून, वाडीवार बेरीज करून, निकाल आधी ग्रामसभेत वाचायचा आणि जिल्ह्याला नंतर पाठवायचा. सभेत कोणी उठून म्हणेल, हा आकडा चुकीचा, आमच्या वाडीत कोणी विचारायलाच आलं नाही. तेही इतिवृत्तात लिहून घ्यायचं आणि त्या वाडीत पुन्हा जायचं.